चिठ्ठी नसलेला पॅक

आमच्या खात्याच्या भिंतीवर एकच वाक्य रंगवलेलं होतं, आणि ते मीच रंगवून घेतलं होतं : चिठ्ठी नसलेला पॅक निर्जंतुक समजू नये.

रुग्णालयात जाणाऱ्याला आमचं खातं कधी दिसत नाही. शस्त्रक्रियेत वापरलेली हत्यारं एका खिडकीतून आमच्याकडे येतात. ती धुवायची, वाळवायची, यादीप्रमाणे मोजायची, दुहेरी कापडात बांधायची, ऑटोक्लेव्ह नावाच्या मोठ्या भांड्यात वाफेवर ठेवायची आणि दुसऱ्या खिडकीतून परत द्यायची. या खात्याला सगळे सीएसएसडी म्हणतात. कोपरखैरण्याच्या एका रुग्णालयात तळमजल्याच्या टोकाला, लॉंड्रीला लागून, आमची जागा होती. तिथे मी सव्वीस वर्षं काढली, त्यांतली शेवटची सोळा सुपरवायझर म्हणून.

पॅकवरच्या चिठ्ठीत पाच गोष्टी लागतात : सेटचं नाव, ऑटोक्लेव्हचा लोड नंबर, तारीख, मुदत आणि बांधणाऱ्याची सही. पॅक वाफेतून निघाला असेल, वाफ लागली की रंग बदलणाऱ्या टेपवरच्या रेघा काळ्या झाल्या असतील, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी तो निघताना पाहिला असेल, तरी चिठ्ठी नसेल तर तो परत धुण्याच्या टेबलावर जातो. तुमच्या मनात काय आहे याच्याशी रुग्णाच्या पोटाला देणंघेणं नसतं. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगत असे.

या अंकाच्या संपादकांनी गमतीचे अनुभव लिहा म्हटलं आहे. तसे थोडे आहेत. एका सर्जनच्या चष्म्याची तुटलेली काडी वापरलेल्या ट्रेमधून आमच्याकडे आली. आमच्या माणसाने ती धुतली, वाफवली, पॅक केली आणि चिठ्ठीवर ‘काडी, चष्म्याची, एक’ असं लिहून परत पाठवली. सर्जनने म्हणे ती सही करून घेतली. पण मला लिहायचं आहे ते कुंदाबद्दल. पत्नी गेल्यापासून मी फार सावकाश लिहितो. एखादं वाक्य लिहून झालं की ते वाचून दाखवायला समोर कोणी नसतं, म्हणून ते तसंच बराच वेळ पडून राहतं.

कुंदा जवळच्याच बोनकोड्याची. तिचे आजोबा खाडीकडे भातशेती करायचे. आता त्या जागेवर त्यांची तीन मजली इमारत आहे, आणि भाडेकरूंचं सगळं मोठा भाऊ प्रकाश बघतो. कुंदाने निर्जंतुकीकरणाचा वर्षभराचा कोर्स केला होता. पहिल्या दिवशी प्रकाश तिला घेऊन आला तेव्हा ती तिशीला टेकलेली होती.

“साहेब, आमची कुंदा कामाला वाघ हाय,” तो म्हणाला. “पन बोलाचालायला जरा... कसं सांगू... वेगली हाय.”

“दादा, तू जा आता,” कुंदा माझ्यामागच्या यादीकडे बघत म्हणाली. “यादीत सत्तावीस लिवलंय, ट्रेमध्ये सव्वीस हायत.”

मी चिमटे मोजले. सव्वीसच होते.

पहिल्या महिन्यातच तिच्याबद्दल तक्रारी आल्या. एका दमात तीन कामं सांगितली की ती पहिलं करायची आणि टेबलापाशी उभी राहायची. फोन वाजला की दोन्ही हात कानांवर. मागून कोणी खांद्याला हात लावला की हातातला ट्रे सरळ खाली. ऑपरेशन थिएटरच्या इन्चार्ज लिसी सिस्टर केरळच्या. मराठी बोलत, पण रागावल्या की जास्त बोलत.

“सर, तुमची ती मुलगी मी गुड मॉर्निंग बोलली तर उत्तर देत नाही. घमंड आहे काय तिला?”

मी कुंदाला विचारलं.

“सातला बोलल्या, तेव्हा मी पन बोलली. मग नऊला परत बोलल्या. एकदा झालं ना, सर.”

संध्याकाळी चहाच्या वेळी हे मी विजयाला सांगितलं. विजया माझी पत्नी. महापालिकेच्या शाळेत तिने एकतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. तिला गंमत वाटेल असं वाटलं होतं, पण तिने कप खाली ठेवला.

“अहो, तिला तोंडी सांगू नका. लिहून द्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. आणि ती बसते तिथली ट्यूबलाइट बघा बरं. गुणगुणत असेल.”

“तुझ्या वर्गातली पोरं ती. ही तिशीची बाई आहे.”

“ती तिशीची झाली म्हणून ट्यूबलाइट गुणगुणायची थांबली का?”

दुसऱ्या दिवशी मी पॅकिंग टेबलापाशी कान देऊन उभा राहिलो. ट्यूब गुणगुणत होती. पंधरा वर्षं तिच्याखाली वावरून मला ते कधी ऐकू आलं नव्हतं.

ट्यूब बदलली. फोन लॉंड्रीच्या बाजूच्या भिंतीवर नेला आणि तो कुंदाने घ्यायचा नाही असं ठरलं. तिच्याशी बोलायचं तर टेबलाला वळसा घालून समोरून यायचं. पाळी बदलणार असेल तर दोन दिवस आधी चिठ्ठी. जेवायला ती कापडाच्या खोलीत एकटी बसे, धुतलेल्या चादरींच्या चळतीमध्ये. डबा उघडल्यावर सुकटीचा वास यायचा आणि लॉंड्रीचे मामा कुरकुरायचे, तर त्यांच्यासाठी एक खिडकी उघडून दिली. एवढंच. यांतल्या कशाचाही मोठा त्रास पडला नाही. उलट चिठ्ठ्यांचा नाद बाकीच्यांनाही लागला. तोंडी निरोपांवरून होणारी भांडणं कमी झाली, आणि ज्यांना मी वर्षानुवर्षं विसराळू समजत होतो ते विसराळू नव्हते असं दिसून आलं.

कुंदा पॅकिंगला बसली की खात्याला चाल यायची. प्रत्येक हत्यार ती उजेडाकडे धरायची, उघडमीट करायची, कानाजवळ न्यायची. एकदा तिने एका मोठ्या सर्जनचा आवडता चिमटा बाजूला ठेवला. नाजूक, परदेशातून आणलेला. सर्जनचा खिडकीवर माणूस, मग फोन, मग स्वतः सर्जन. “कोण ही? हिला काय कळतं?” कुंदा त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “सांध्यात चीर हाय. आत जाऊन तुटेल.” भिंगाखाली धरल्यावर केसाएवढी चीर दिसली. सर्जन मोठ्या मनाचे. ते म्हणाले, हिचा सत्कार करा.

आणि मी तो केला. केक आणला, वीस माणसं जमवली, लिसी सिस्टरने सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. पहिल्या टाळीला कुंदा टेबलामागे गेली, दुसऱ्या मिनिटाला कापडाच्या खोलीत. दाराला आतून कडी. आम्ही बाहेर केक हातात धरून उभे. तासाभराने ती बाहेर आली आणि मला म्हणाली, “सर, चांगलं काम केलं की हे करायचं असेल तर मला आधी चिठ्ठी देत जा.” घरी विजया इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “तिला कशाला केक,” ती म्हणाली, “तिला चांगलं भिंग आणून द्या.” ते आणून दिलं. कुंदाने त्यावर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावली. तारीख घातली.

आता पहिली चूक. दुसऱ्या वर्षी प्रकाश मला भेटायला आला. त्याने कुंदाला सरकारी रुग्णालयात दाखवलं होतं. हातात डॉक्टरांचं प्रमाणपत्र होतं आणि त्यावर ऑटिझम असं लिहिलेलं. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात. मला तो शब्द कधी पटला नाही. कुंदा मग्न असायची ती समोरच्या ट्रेमध्ये. स्वतःत मग्न असणारे मी रुग्णालयात पुष्कळ पाहिले, त्यांच्या केबिनवर पाट्या होत्या.

“हा कागद ऑफिसला देऊ का, साहेब?”

मी विचार केला. दिवसभर आजाऱ्यांत वावरणाऱ्या माणसांना आपल्यातलं कोणी थोडं वेगळं असलेलं चालत नाही, हे मी जवळून पाहिलं होतं. एका नर्सला फिट आली होती. तिला महिनाभरात ‘हलकं काम’ म्हणून चौकशीच्या खिडकीवर बसवलं, आणि ती नोकरी सोडून गेली. मी प्रकाशला म्हटलं, “नको. उगाच बोभाटा होईल. मी आहे ना.” कागद माझ्या खणात ठेवला आणि खणाला कुलूप लावलं.

मी आहे ना. नऊ वर्षं तेवढ्यावर चाललं.

मग विजयाला कॅन्सर निघाला, तोही पसरल्यावर. मी तीन महिन्यांची रजा टाकली. आदल्या दिवशी काम माझ्या हाताखालच्या सावंतच्या हवाली केलं. सावंत मालवणकडचा, मेहनती, मनाने चांगला. त्याला चालू यंत्रं दाखवली, याद्या दिल्या, सुट्या भागांची ऑर्डर समजावली. कुंदाबद्दल म्हणालो, “तिला सांभाळून घे.” तो म्हणाला, “टेन्शन नको, सर.” सांभाळायचं म्हणजे काय, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. लोकांना वाटायचं, सरांची जरा मर्जी आहे तिच्यावर.

कुंदाला मात्र मी चिठ्ठी दिली, नेहमीसारखी, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट : ‘मी रजेवर असेपर्यंत कामाबाबत मला काहीही कळवू नये. सावंत यांना सांगावे.’ खाली सही, तारीख. मला त्या तीन महिन्यांत विजयाशिवाय काही नको होतं. कुंदाने चिठ्ठी वाचली, घडी करून ओळखपत्राच्या पाकिटात ठेवली.

त्या तीन महिन्यांबद्दल मी लिहिणार नाही. विजया शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाली, “तुमची ती कुंदा कशी आहे हो?” मी म्हटलं, “मजेत.” मला काही माहीत नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

ती गेल्यावर घरी माणसं येऊ लागली. सगळे हळू आवाजात तेच ते बोलायचे, मीही तेच उत्तर द्यायचो. बाराव्या दिवसानंतरच्या रविवारी दुपारी चारला प्रकाश आणि कुंदा आले. कुंदाने चपला भिंतीला समांतर लावल्या, विजयाच्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम गेल्या. ट्यूबलाइट त्यांनी सांगितली होती.” मग खुर्चीत बसली. त्या पंधरवड्यात विजयाबद्दल नवीन असं तेवढंच कोणी बोललं होतं.

“कसं चाललंय काम?” मी विचारलं.

तिने पाकिटातून चिठ्ठी काढून माझ्यासमोर धरली. “तुमची रजा संपली, सर?”

“अजून आठ दिवस आहेत.”

“मग आठ दिवसांनी सांगते.”

प्रकाश उसळला. “काय आठ दिवसांनी? साहेब, तिची नोकरी गेली! महिना झाला.”

कुंदा फोटोकडे बघत बसली आणि तो सांगत राहिला. एक माणूस सोडून गेला म्हणून सावंतने कुंदाला पॅकिंगवरून उठवून बाहेर देण्याच्या खिडकीवर बसवलं. आदल्या संध्याकाळी मोबाइलवर मेसेज टाकून. ती खिडकी म्हणजे बाजार : चार वॉर्डांचे मामा-मावशी एकदम हात आत घालून ओरडणार, शेजारी फोन. कुंदाने नऊ दिवस काढले. दहाव्या दिवशी यंत्राचा भोंगा अडकला आणि वाजतच राहिला. कुंदाने खिडकीचं शटर ओढलं, आतून कुलूप लावलं आणि टेबलाखाली जाऊन बसली. वर थिएटरमध्ये भूल दिलेला रुग्ण, आणि सेट आमच्या शटरच्या आत. दार उघडायला वीस मिनिटं गेली. रुग्णाला काही झालं नाही, नशीब. लेखी खुलासा मागवला तर तिने एका ओळीत दिला : ‘आवाज थांबत नव्हता म्हणून खिडकी बंद केली.’ ऑफिसने सावंतला विचारलं, हिच्याबाबत आधीची काही नोंद आहे का, काही वेगळी सोय ठरली होती का? त्याने फाइल पाहिली. काही नव्हतं. तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला.

“मला एक फोन करायचास, प्रकाश.”

“लावत होतो, साहेब! तिनं मोबाइल हिसकून घेतला. बोलते, सरांनी लिवलंय कलवायचं नाय. आई रडली, मी पाया पडलो तिच्या. ऐकेल तर शपत.”

मी कुंदाकडे पाहिलं. तिने चिठ्ठी परत घडीवर घडी करून पाकिटात ठेवली होती. माझी सही होती, तारीख होती. नियमात बसणारा पॅक होता तो.

रजा संपताच मी खणातलं प्रमाणपत्र घेऊन ऑफिसात गेलो. तिथल्या मॅडम वयाने लहान, बोलायला नम्र. त्यांनी कागद दोनदा वाचला.

“सर, हा तेव्हाच दिला असता तर आम्हाला तिला लेखी सोय करून द्यावी लागली असती. कायदाच आहे. हा नऊ वर्षं कुठे होता?”

“माझ्या खणात.”

तिला परत घ्या म्हणून मी दोनदा अर्ज केला. राजीनामा स्वखुशीचा आहे, असं उत्तर आलं. सावंत माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि रडकुंडीला आला. “तुम्हाला फोन करणार होतो, सर. पण वहिनींचं तसं चाललेलं. कसं सांगू?” त्याच्यावर मी रागावू शकलो नाही. प्रत्येकाने माझी काळजी घेतली होती.

पुढचे आठ महिने मी भिंतीवरच्या त्या वाक्याखाली काम केलं. दर काही महिन्यांनी ते धुवून पुसून घ्यायची माझी पद्धत होती. ते मी बंद केलं. निरोप समारंभात केक होता, टाळ्या होत्या. मला कापडाच्या खोलीत जाऊन कडी लावावीशी वाटली.

निवृत्तीनंतर घरात आवाज राहिला नाही. विजयाच्या वह्या, शाळेचे जुने हजेरीपट, तिचा चष्मा, सगळं जागेवर. मी सकाळी दोन कप खाली काढायचो आणि एक परत ठेवायचो. वाचायला बसलं की पान उलटत नसे. मी कुंदाकडे जायचं दोन-तीनदा ठरवलं. बोनकोड्याच्या कमानीपर्यंत गेलो आणि पुढे काय बोलायचं ते न सुचून एपीएमसी बाजाराची बस पकडली, फळं घेऊन घरी आलो. एकट्याला डझनभर मोसंबी संपत नाहीत.

गेल्या पावसाळ्याअखेर तीच आली. रविवार, दुपारी चार. एकटी. चपला भिंतीला समांतर.

“नेरूळच्या रुग्णालयात जागा निघाली, सर. सीएसएसडी. बुधवारी मुलाखत. माझी चिठ्ठी लिवून द्या.”

“शिफारसपत्र?”

“नाय. चिठ्ठी. पॅकवर असते ती. आत काय हाय ते.”

मी विजयाच्या टेबलावर बसलो. दोन तास लागले. प्रमाणपत्राची प्रत लावायची का, असं तिला विचारलं. “लावा. आता खणात नको,” ती म्हणाली. मग लिहिलं : या तंत्रज्ञाची दहा वर्षांत यादीची एकही चूक नाही. सूचना लेखी द्याव्यात, एका वेळी एक. पाळी बदलताना दोन दिवस आधी कळवावं. समोरून यावं. फोनवर आणि खिडकीवर नेमू नये. भोंगा अडकल्यास आधी भोंगा बंद करावा, मग चौकशी करावी. सत्कार करू नये. या सोयी मी करत होतो. त्या लिहून ठेवल्या नाहीत, म्हणून तिची नोकरी गेली. ती चूक तिची नव्हती.

हे शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा ठेवलं.

कुंदाने कागद उजेडाकडे धरला, ओळीखाली बोट ठेवत वाचला, आणि परत दिला.

“सही नाय.”

खरंच नव्हती. मी सही केली, तारीख घातली.

“मुदत नाय.”

“याला मुदत नाही, कुंदा.”

“मुदतीशिवाय पॅक नसतो, सर.”

मी पेन पुन्हा उघडलं. मग लिहिलं : ‘नोकरीत असेपर्यंत.’ तिने मान हलवली आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत सरकवला.

ती उठायच्या आत मी म्हटलं, “ती जुनी चिठ्ठी आहे का अजून?” होती. ओळखपत्र गेलं होतं, पाकीट होतं. रद्द झालेल्या चिठ्ठीवर आम्ही आडवी रेघ मारून सही करतो, तशी मी मारली. दुसऱ्या कागदावर नवी लिहिली : ‘काही असो वा नसो, मला फोन करावा.’

तिने वाचली. “कधी?”

मी ‘दर रविवारी, दुपारी चार’ असं जोडलं.

पुढच्या रविवारी चारला फोन वाजला.

“सर, कुंदा. घेतलं. उद्यापासून. पॅकिंगला बसवनार. त्यांनी चिठ्ठी फाइलला लावली, मी बघितली.” आणि ठेवला. अभिनंदन म्हणायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

तेव्हापासून एकही रविवार चुकलेला नाही. पावणेचारला मी चहा टाकतो आणि फोन विजयाच्या टेबलावर ठेवून शेजारी बसतो. बरोबर चारला तो वाजतो.

“सर, कुंदा. काही नाय.”

“बरं,” मी म्हणतो.

ती फोन ठेवते.